आंधळ्या राजाचं नाणं

आताशा बाजारात ‘जर्मन’ नावाची एक खोटी चांदी येते. चमचे, ताटल्या, पानाचे डबे, काय वाट्टेल ते तिचं मिळतं. त्यामुळे माझ्याकडे जर्मन देशाची चांदीची नाणी आहेत असं कोणाला सांगितलं, की तो माझ्याकडे कीव केल्यासारखा बघतो. म्हाताऱ्याला कोणीतरी गंडवलेलं दिसतं, असं त्याच्या तोंडावर वाचता येतं. मग मी पेटी उघडतो आणि एक नाणं दाराच्या दगडी उंबऱ्यावर टाकतो. तो आवाज ऐकला की माणूस खाली बसतो आणि विचारतो, ही तुमच्याकडे आली कुठून?

मी अमरावतीचा वैद्य. वडील वैद्य, आजोबा वैद्य. देशावरून कधीतरी आमचं घराणं इकडे आलं आणि इथलंच झालं. मी हे सांगतोय ते माझ्या तिशीतलं. अमेरिकेत गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला होता आणि आमच्या काळ्या मातीतल्या बोंडांना कधी नव्हे तो भाव आला होता. अमरावतीच्या कापूस बाजारात पाय ठेवायला जागा नसे. बैलांच्या शिंगांना चांदीच्या टोप्या आल्या होत्या. ज्या बाया कथलाच्या वाळ्यांवर समाधान मानत, त्यांच्या गळ्यात रुपयांच्या हमेली आल्या होत्या. मला हे ठाऊक, कारण वैद्याला घराच्या आतपर्यंत जावं लागतं आणि नाडी बघताना गळ्यातलं दिसतंच.

त्या वर्षांत मुंबईच्या पेढ्यांचे गोरे खरेदीदारही अमरावतीत येऊन राहिले. त्यांतला एक जर्मन होता. लोक त्याला सरसकट इंग्रजच समजत आणि त्याला त्याचा राग येई. कापूस बाजारापाठीमागे त्यानं एक घर भाड्यानं घेतलं होतं, शेजारी वखार. पावसाळ्यात त्याला हिवतापानं धरलं. त्याच्यापाशी विलायती कडू भुकटी होती, पण ती पोटात ठरेना. त्याच्या खानसाम्यानं मला बोलावलं.

मी काही चमत्कार केला नाही. गुळवेलीचा काढा दिला, तांदळाच्या पेजेवर ठेवलं, मांस बंद केलं, आणि उलट्या थांबल्यावर त्याला सांगितलं, की आता तुझी ती भुकटी घे. ताप उतरला. त्याला वाटलं काढ्यानं उतरला, मला वाटलं भुकटीनं. आमची मैत्री या सभ्यपणातून सुरू झाली असं म्हणायला हरकत नाही.

त्याच्या मेजावर कागद उडू नयेत म्हणून काही नाणी ठेवलेली असत. एकदा नाडी पाहून झाल्यावर मी त्यांतलं एक उचललं. आपल्या रुपयापेक्षा रुंद आणि जड. एका अंगाला एका माणसाचं तोंड, दाढी-मिशा, केस मागे वळवलेले. दुसऱ्या अंगाला सिंह आणि एकशिंगी घोडा एक ढाल धरून उभे.

“ये कौन?” मी विचारलं.

“मेरा राजा,” तो म्हणाला. त्याची हिंदुस्थानी मोडकी होती, पण त्यापायी लाजून तो गप्प बसत नसे. “अंधा है.”

मला वाटलं त्यानं शब्द चुकवला. मी डोळ्यांवर हात ठेवून दाखवलं. त्यानं मान हलवली. होय, तोच अर्थ. एक डोळा आजारात गेला, दुसरा लहानपणी खेळताना लागून गेला. राजपुत्र असतानाच आंधळा झाला आणि बाप वारल्यावर तसाच गादीवर बसला.

मी नाणं खिडकीशी नेलं. डोळ्यांचे रोगी मी पुष्कळ पाहिले होते. नाण्यावरचा डोळा चांगला उघडा, सरळ समोर बघणारा होता.

“इसमें तो आँख अच्छी है.”

साहेब हसला. “छापनेवाला नौकर है, बैदजी.”

मग त्यानं आपल्या मुलखाची हकीकत सांगितली. जर्मन म्हणून एक देश आहे खरा, पण तो एकाचा नाही. त्यात राजे, सरदार आणि स्वतंत्र गावं इतकी, की बोटं पुरत नाहीत. प्रत्येकाचं तोंड निराळं, ढाल निराळी, नाणं निराळं. मात्र अलीकडे सगळ्यांनी मिळून एक ठरवलं होतं. मोठ्या नाण्यात चांदी सगळ्यांनी सारखीच घालायची. राजा कोणाचाही असो, तराजूत फरक नाही.

मला याचं फार नवल वाटलं. आमच्या वऱ्हाडात याच्या अगदी उलट. बाजारात निजामाचा हाली शिक्का चाले, इंग्रजांचा कलदार चाले, नागपूरकर भोसल्यांचे जुने रुपयेही फिरत, आणि प्रत्येकाचा बट्टा वेगळा. इतके राजे असून एक वजन, ही गोष्ट मला कुठल्याही औषधाच्या कल्पापेक्षा अवघड वाटली. बरा झाल्यावर साहेबानं माझी दक्षिणा दिली आणि वर ते आंधळ्या राजाचं नाणं माझ्या हातावर ठेवलं.

तिथून मला नाद लागला.

ही नाणी मिळवणं तेव्हा वाटतं तितकं कठीण नव्हतं. कापसाच्या पायी मुंबईत जगभरची चांदी उतरत होती, आणि दागिन्यांना चांदी कमी पडू लागल्यामुळे तिथले दलाल परदेशी नाणी वजनावर अमरावती-अकोल्याच्या सराफांना पाठवत. सराफाला राजाच्या तोंडाशी काय करायचंय? तो सगळं मुशीत टाकी. अकोल्यात माझी सासुरवाड. तिथल्या एका सराफाची मूळव्याध मी बरी केली होती. त्याला मी सांगून ठेवलं, की गोल मांडलेल्या अक्षरांच्या शेजारी तीन फुल्या असलेलं नाणं आलं तर वितळवू नको. त्या तीन फुल्यांचा अर्थ साहेबानं मला सांगितला होता, की एक फुली म्हणजे दहा, आणि त्यांच्या एका रत्तल चांदीत अशी तीस नाणी. सराफ हसला, पण त्यानं शब्द पाळला. अकोल्याला गेलो की माझ्यासाठी एका फडक्यात काही ना काही बांधलेलं असे आणि मी तेवढ्या वजनाची चांदी देऊन ते सोडवून आणी.

असं करता करता माझ्याकडे उधळता घोडा आला. किल्ली आली. ती एका बंदराची खूण, असं साहेब म्हणाला, आणि आपला बराच कापूस जातो तो त्याच गावी, हेही. खाणीतल्या दोन हातोड्या एकमेकांवर ठेवलेलं एक आलं. एक होतं बाईचं, वेणी घातलेली, दंडावर नक्षीचं वस्त्र. ही सगळी मी औषधांच्या लाकडी पेटीत ठेवी. तिला छोटे छोटे खण होते. वरच्या ओळीत हिरडा, बेहडा, पिंपळी आणि खालच्या ओळीत जर्मन राजे.

बायकोला हा प्रकार मुळीच पसंत नव्हता.

“अहो, हे बाजारात चालते का?” तिनं विचारलं.

“नाही.”

“गळ्यात घालता येते?”

“कडी लावली तर येईल. पण मी लावू देणार नाही.”

“मंग हे ठेवता काहून?”

“बघायला.”

ती म्हणाली, “मले वाटलं होतं कापसाचं वेड फक्त कुणब्याईलेच लागलं.” तिनं त्यानंतर पेटी झाडायची सोडून दिली. खालची ओळ तुमची तुम्ही पुसा, म्हणाली.

तिवशाकडच्या रस्त्यावर एका गावचे पाटील माझ्याकडे औषधाला येत. चांगली काळी जमीन, दोन बैलजोड्या, एक मुलगा, सून, नातवंडं. माणूस बोलायला रोखठोक आणि बाजारात फार हुशार. त्यांच्या एका डोळ्याला पडदा आला, तेव्हा गावात एक फिरता डोळेवाला आला होता. त्यानं सुई घालून पडदा पाडला. दोन दिवस लख्ख दिसलं, मग डोळा पिकला आणि गेला. त्यानंतर दुसऱ्या डोळ्याची दृष्टी हळूहळू आखडत चालली, बोगद्यातून बघावं तशी. त्यांच्या मुलानं मला बोलावून नेलं.

मी अंजन घातलं, त्रिफळ्याच्या पाण्यानं धुवायला सांगितलं. पण खरं काय ते मला पहिल्या दिवशी दिसलं होतं.

“महाराज,” पाटील म्हणाले, “गोड बोलू नका. हा डोया राहते का जाते?”

“जाईल,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

पुढच्या खेपेला गेलो तरी ते तसेच. जेवायला उठत, बाकी पडून राहत. कापसाची वेचणी लागली होती आणि घरात माणूस थांबत नव्हतं. मुलगा वाईट नव्हता. तो म्हणे, “बाबा, तुमी आता घरी बसा. बाजाराचं मी पायतो.” त्यात प्रेमच होतं. पण ज्या माणसाला बाजारात चार गावं विचारत, त्याला बसा म्हणणं म्हणजे काय, ते त्या पोराला कळत नव्हतं. सून दाराशी उभी राहून मला हळूच म्हणाली, “मामाजी बोलतच नाई कोनासंगं. डोयाचं राहू द्या, मनाचं कायी औषध हाय का?”

माझ्यापाशी औषध नव्हतं. पण औषधांची पेटी बरोबर होती आणि खालची ओळ तिच्यातच होती. मी आंधळ्या राजाचं नाणं काढून पाटलांच्या हातात दिलं.

“काय हाय हे?”

“चांदीचं नाणं आहे. दूरच्या एका राजाचं.”

त्यांनी ते तळव्यावर तोललं. “कलदारापेक्षा भारी हाय.”

“तो राजा आंधळा आहे, पाटील. दोन्ही डोळ्यांनी. आणि आज गादीवर आहे.”

ते उठून बसले. “थट्टा करून राहिले का?”

“ज्याचा राजा आहे त्यानं सांगितलं मला. अमरावतीतला तो कापसाचा साहेब.”

“राज्य कसं करते तो?”

“कागद वाचून दाखवतात. सही करायची तिथं हात नेऊन ठेवतात.”

“अन् त्याले फसवत असन कोनी तं?”

“फसवतही असतील. डोळेवाल्यांना फसवत नाहीत का?”

पाटील हसले. बऱ्याच दिवसांत त्या घरात ते हसू कोणी ऐकलं नसावं, कारण सून लगबगीनं आत आली. पाटील अंगठ्याच्या नखानं नाण्याची कड चाचपत होते. “हे काय खरखरून राहिलं?”

कडेवर अक्षरं आहेत हे मला ठाऊक होतं. साहेबानं त्यांचा अर्थ सांगितला होता. “त्या राजघराण्याचं वचन आहे. अडचणींना आम्ही भीत नाही, असं.”

सुनेनं पेटीत डोकावून बघितलं आणि वेणीवाल्या बाईवर बोट ठेवलं. “ही त्याची राणी व्हय?”

“राणी नाही. ते एक गाव आहे. त्या गावाला राजा नाही, म्हणून गावाचंच चित्र बाई म्हणून काढलंय.”

“गाव बाई?” ती म्हणाली. “बाप्पा! आमच्या गावचं काढलं तं म्हातारी निघन, दात पडलेली.”

निघताना मी नाण्यासाठी हात पुढे केला. पाटलांनी मूठ मिटली. “राहू द्या माह्यापाशी. तुमाले पायजे तेव्हा मांगा.” माझ्याकडे त्या राजाचं ते एकच होतं. पण रोग्याच्या हातातून औषध काढून घ्यायची आमच्या घराण्यात चाल नाही.

काही आठवड्यांनी कापूस बाजारात मला गर्दी दिसली. पाटील आपल्या गाडीजवळ उभे होते, सुनेच्या खांद्यावर हात ठेवून, आणि समोर माझा साहेब. मुलगा बैलांपाशी तोंड पाडून उभा होता.

ज्यांनी तेव्हाचा बाजार पाहिला नाही त्यांना सांगायला हवं. भाव तोंडानं बोलत नसत. घेणारा आणि विकणारा एका उपरण्याखाली हात घालत आणि एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगत. शेजारच्याला कळू नये म्हणून ही रीत. दोघांची तोंडं कोरी आणि उपरण्याखाली भांडण चाललेलं. साहेब आधी दलालाकरवी व्यवहार करी, पण एव्हाना तो ही विद्या शिकला होता आणि त्याला तिचा गर्व होता.

मी पोचलो तेव्हा दोघांचे हात उपरण्याखाली होते. पाटलांचा चेहरा देवळातल्या खांबासारखा. साहेबाच्या कपाळावर घाम आला होता. एकदा त्यानं हात ओढून घेतला, पुन्हा घातला. शेवटी तो मोठ्यानं आपल्या भाषेत काहीतरी म्हणाला आणि उपरणं बाजूला झालं. सौदा ठरला होता, आणि तो कोणाच्या बाजूनं ठरला हे साहेबाच्या तोंडावरून बाजारातल्या बैलांनाही कळलं असतं.

“बैदजी,” मला बघून तो म्हणाला, “ये आदमी अंधा नहीं है.”

“अंधाच हाय,” पाटील म्हणाले. “पन भाव काय डोयानं लावतेत? अन् कापूस तं बोटालेच समजते.” त्यांनी गाडीतून एक चिमूट घेऊन दोन्ही हातांत ओढून धागा किती लांब येतो ते दाखवलं. साहेबानंही दुसरी चिमूट घेतली आणि डोळे मिटून तसंच ओढलं. मलाही असंच शिकवलं, तो म्हणाला. डोळे उघडे ठेवले तर पांढरेपणाला माणूस भुलतो.

मग पाटलांनी कमरेच्या कनवटीतून नाणं काढलं. “हा तुमचा राजा?”

साहेबानं ते ओळखलं. त्यानं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, दिलेली वस्तू दुसऱ्याला दिली म्हणून रागावला. पण त्यानं टोपी काढली. पाटलांना ते दिसलं नाही. सुनेनं त्यांच्या कानात सांगितलं, “मामाजी, साहेबानं टोपी काहाडली.” पाटलांनी मग आपलं पागोटं नीट केलं.

पुढच्या दोन वेचण्या साहेब त्यांचा माल पहिल्यांदा बघे. मुलानंही मग ‘घरी बसा’ म्हणणं सोडलं. आणि पाटील मला भेटले की राजाची खुशाली विचारीत, एखाद्या सोयऱ्याची विचारावी तशी.

“बरा हाय ना तो?”

“बरा आहे म्हणतात.”

“पोरंसोरं?”

“आहेत.”

“मंग ठीक.”

त्यानंतर अमेरिकेतली लढाई संपली आणि कापसाचा भाव कोसळला. मुंबईत कोणकोणत्या पेढ्या बुडाल्या याच्या बातम्या आगगाडीनं येऊ लागल्या, कारण रूळ एव्हाना अकोला-मूर्तिजापूर ओलांडून बडनेऱ्याकडे येत होते. साहेबाची पेढी बुडाली नाही, पण तिचं अमरावतीवरून मन उडालं. त्यातच एका पावसाळ्यात साहेब छत्री न घेता, भिजत माझ्या घरी आला. तो कधी माझ्या घरी आला नव्हता. ओसरीवर बसला आणि म्हणाला, “वो सब दिखाओ.”

मी पेटी आणली. त्यानं सगळी नाणी सतरंजीवर मांडली आणि त्यांतली काही बाजूला सारली. उधळता घोडा इकडेच राहिला, किल्ली इकडेच. वेणीवाली बाई तिकडे गेली. आणखी एक-दोन तिकडे गेली.

“ये खतम,” तो म्हणाला.

मला कळेना. त्यानं हळूहळू सांगितलं. त्यांच्या मुलखात लढाई झाली होती. जर्मनांतल्या सगळ्यांत मोठ्या राजानं शेजारच्या लहान राजांना गिळलं होतं. वेणीवाल्या बाईचं गाव गेलं. आणि त्याचं स्वतःचं राज्य गेलं. आंधळा राजा फौजेबरोबर रणात गेला होता. पहिली लढाई त्याच्या माणसांनी जिंकली. मग चहूकडून वेढले गेले आणि हत्यारं ठेवावी लागली. राजा देश सोडून गेला.

“अब मेरा नाम किस राजा में लिखेंगे, मालूम नहीं,” तो म्हणाला. त्यानं सतरंजीवर पुन्हा नजर फिरवली. “मेरा राजा किधर है?”

“पाटलांकडे.”

“हाँ,” तो म्हणाला. “रहने दो.”

बायकोनं आतून दूध पाठवलं. परक्या माणसाला ओसरीवर आमच्या पेल्यात दूध देण्याची आमच्या घरी ती पहिली वेळ. तो ते सगळं प्याला आणि भिजतच निघून गेला.

मला प्रश्न पडला, की पाटलांना सांगावं का. न सांगितलं तरी चाललं असतं, पण बाजारात साहेबाकडून कळलंच असतं. पाऊस उघडल्यावर बैलांची हलकी दमणी जोडून मी मुद्दाम त्यांच्या गावी गेलो. सून अंगणात होती. मी तिला आधी सांगितलं.

“नका सांगू, महाराज,” ती म्हणाली. “तो राजा बसला म्हणून आमचा म्हातारा उठला. तो पडला तं?”

आतून पाटलांचा आवाज आला. “काय कुजबूज करून राहिले तिथं? डोये गेले माहे, कान नाई गेले.”

मी आत जाऊन त्यांच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. नाणं काढून ते बोटांत फिरवत राहिले.

“रनात गेला म्हनता? सोता?”

“घोड्यावर, म्हणतात.”

“दिसत नसून?”

“दिसत नसून.”

त्यांनी नाणं मुठीत धरलं. मग म्हणाले, “अन् साहेब काय करून राहिला?”

“बसलाय. बोलत नाही फारसं. पेढी इथलं काम बंद करणार, तो जाणार.”

“जाईन कुठी? घरच नाई राहिलं त्याचं.” त्यांनी सुनेला हाक मारली. “गाडी जुप.”

“कुठी, मामाजी?”

“अमरावतीले.”

मी सांगितलं, की मी तिकडेच चाललोय, नाणं माझ्या हाती द्या. ते ऐकेनात. “माह्ये डोये गेले, पन वावर तिथंच हाय. पाय ठेवला की समजते कोन्त्या कोपऱ्यात उभा हाव. त्याचं तं वावरच गेलं. हे दुसऱ्याच्या हातानं देन्याचं काम नोहे.”

त्यांची बैलगाडी पुढे आणि माझी दमणी मागे, असे आम्ही अमरावतीत शिरलो. साहेब वखारीत सामानाच्या पेट्या बांधून घेत होता. पाटलांना सुनेनं हात धरून त्याच्यापुढे उभं केलं. पाटलांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि हात पुढे केला, बाजारात करतात तसं. साहेब गोंधळला. विकायला काही नव्हतं. पण सवयीनं त्यानं उपरण्याखाली हात घातला.

तिथं काय झालं ते मला दिसलं नाही. साहेबाचा चेहरा मात्र दिसला. त्यानं हात बाहेर काढला तेव्हा त्यात नाणं होतं. तो काही बोलायला गेला, पण त्याची हिंदुस्थानी त्या दिवशी अगदीच संपली. त्यानं पाटलांचे दोन्ही खांदे धरले. पाटील अवघडून उभे राहिले. पुरुषानं पुरुषाला असं धरायची आमच्याकडे रीत नाही.

“सांगा त्याले, महाराज,” ते मला म्हणाले, “का भाव बरोबर लागला.”

साहेब बडनेऱ्याहून आगगाडीनं गेला. मी पोचवायला गेलो होतो. त्याच्या सदऱ्याच्या खिशाला एक फुगवटा होता. हात सारखा तिथं जात होता. गाडी हलली तेव्हा त्यानं मला विचारलं, की तुमच्याकडे आता माझ्या राजाचं एकही उरलं नाही ना? मी म्हणालो, अकोल्याच्या सराफाला सांगून ठेवीन. सांगितलंही. पण तसं पुन्हा आलं नाही. थोड्याच वर्षांत त्या सगळ्या मुलखाचं एकच राज्य झालं आणि नवी नाणी निघाली, असं ऐकलं. माझं जमवणं आपोआप थांबलं.

पाटील त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. शेवटचा डोळाही पुरता गेला, पण भिंतीकडे तोंड करून ते पुन्हा पडले नाहीत. बाजाराला सून बरोबर असे. मुलानं नांगर-वखराचं काम उत्तम सांभाळलं. बाजार मात्र त्याला कधी मानवला नाही, आणि ते त्यानंही हसत मान्य केलं. म्हातारा गेल्यावर सून एकटीच गाडीवर बसून आली. कापूस आपल्या हातानं ओढून दाखवला. व्यापारी उपरणं घेऊन पुढे झाला आणि तिथंच थबकला. परक्या बाईची बोटं उपरण्याखाली धरायची कशी? भोवती माणसं जमली. कोणी म्हणालं नवऱ्याला बोलवा, कोणी म्हणालं दलालाला पुढे करा.

“काहून?” ती म्हणाली. “तोंड नाई का तुमाले? मोठ्यानं बोला.”

व्यापाऱ्यानं इकडेतिकडे बघितलं आणि भाव मोठ्यानं बोलला. शेजारच्या गाडीवाल्यानं तो ऐकला, त्याच्या शेजारच्यानंही ऐकला. त्या दिवशी त्या ओळीतला कापूस तिच्या भावाच्या खाली कोणी दिला नाही.